चार पांढरे चौकोन

आमचे जावई निनादराव पाच वर्षांत एकोणीस विमानतळ उभे करून मोकळे झाले, पण राहत्या घरापासून सात मिनिटांवर असलेल्या विमानतळावर त्यांनी एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. माझी तक्रार तिथून सुरू होते.

उभे केले म्हणजे विटा-सिमेंटचे नव्हेत. संगणकात केले. ब्राझीलच्या आतल्या भागात, जिथे दिवसाकाठी एखादं विमान येतं, अशा आडगावांचे विमानतळ ते पडद्यावर जसेच्या तसे काढायचे. धावपट्टी, पत्र्याची इमारत, पाण्याची टाकी, झाडं, वारा कुठला ते दाखवणारा कापडी मोजा, सगळं. या कामाला दृश्यभूमी म्हणतात आणि ते करणाऱ्याला दृश्यकार. पूर्वी घरबसल्या विमान चालवल्याचा खेळ खेळणाऱ्या हौशी लोकांसाठी हे चालायचं. आता त्यात खेळ उरला नव्हता.

मी चौथी पास आहे. मंगळवेढ्यात माझ्या हाताखाली चौदा बायका पापड लाटतात आणि एकीचाही पापड वाकडा येत नाही. माझी लेक शाल्मली अमेझॉनच्या एका उपनदीवर, सांतो एलिझेऊ नावाच्या गावात, माशांवर संशोधन करते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. लेक काम सोडून येईना, म्हणून माहेर उचलून मीच तिकडं नेलं. डिंक, अळीव, शेपा, ओवा, आणि शालूच्या वडिलांची लाल काठाची चार पांढरी धोतरं. माणूस गेलं, पण धोतरं चांगली होती. वाळवणाला तसं मऊ कापड दुसरं नाही.

निनादरावांची खोली म्हणजे प्रयोगशाळाच. तीन पडदे, थंड हवा आणि आतून कडी. एकदा जेवायला तीन हाका मारूनही आले नाहीत, तेव्हा ताट घेऊन मीच आत शिरले. मधल्या पडद्यावर लुसिमारा नावाच्या बाई होत्या. ज्या कंपनीची विमानं तिकडं फिरतात, तिथल्या त्या मोठ्या शास्त्रज्ञ. त्या आपल्या भाषेत बोलायच्या आणि एक यंत्र ते मराठीत सांगायचं, बातम्या दिल्यासारखं.

"तुमच्या विमानाला चालक कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही, आई," जावई म्हणाले. "स्वयंवैमानिक आहे. यंत्रच उडवतं, यंत्रच उतरवतं."

"आणि त्याला गाव कसं सापडतं?"

जावयांनी सुस्कारा सोडला, पण लुसिमाराबाईंनी नीट सांगितलं. "या भागात उपग्रहाचा संकेत मधूनच डळमळतो. त्यामुळे यंत्र डोळ्यांवर भिस्त ठेवतं. निनादने केलेल्या दृश्यभूमीत ते आधी लाख वेळा उतरून सराव करतं. दर वेळी आम्ही ऊन बदलतो, ढग बदलतो, पाऊस पाडतो. एवढं बदलूनही जे जागचं हलत नाही, त्याला ते ओळखखूण मानतं. पुरेशा खुणा जुळल्या की उतरतं."

"आणि नाही जुळल्या तर?"

"हे ते गाव नव्हे, असं समजून परत जातं."

"म्हणजे घोकंपट्टी केलेलं पोर. पुस्तकातलं गणित आलं तर सोडवणार, आकडा बदलला की पाटी कोरी."

"आई, ते इतकं सोपं नसतं," जावई म्हणाले.

"सोपं नसेल. चूक आहे का, तेवढं सांगा."

लुसिमाराबाई हसल्या. "चूक नाही."

जावयांना ते लागलं. लागू दे. आमटी गार होत होती.

मला मात्र तो विमानतळ रोज दिसायचा. तिथे कॉफीची टपरी चालवणारी झुलैदे माझी मैत्रीण झाली होती. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, पण आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद त्यांच्या परसातला निघाला. मी तिला साबुदाण्याच्या पापड्या शिकवल्या. वाळवायला धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाची सिमेंटची जागा होती, विमान वळवण्यासाठी केलेली. वारा कायम पश्चिमेचा आणि विमान उतरतं वाऱ्याला तोंड देऊन, त्यामुळे ते दुसऱ्या टोकाला वळायचं आणि ही जागा रिकामी पडून असायची. राखणदार सेऊ अदालबेर्तो, सेऊ म्हणजे आपल्याकडचं राव, आधी गुरगुरला. तळलेली पापडी खाऊन झाडू घेऊन आला आणि जागा झाडून दिली. रोज सकाळी आम्ही धोतरं दुहेरी करून अंथरायचो. मी आल्यावर जावयांनी या गावाची दृश्यभूमी पूर्ण केली, तेव्हापासून बिनचालकाचं विमान नऊला यायचं, औषधं आणि टपाल उतरवायचं, जायचं. महिनाभर एकही खाडा नाही. जावई जेवताना ऐकवायचे, "बघा आई, एकदाही चुकलं नाही."

मग शालूला आठवा लागला आणि पाय सुजले. डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे काजवे. दवाखान्यातल्या नर्सनं रक्तदाब मोजला आणि तोंड बारीक केलं. मी पापड्या सोडून लेकीच्या उशाशी बसले.

त्याच आठवड्यात विमानानं उतरणं सोडलं. यायचं, दोन घिरट्या घालायचं, आल्या वाटेनं परत. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी दुपारी नर्स म्हणाली, हिला मोठ्या शहरात न्यायला हवं, आज आणि आत्ता. नदी आटलेली, होडीला तीन दिवस. विमान मागवलं तर दोन तासांत येणार होतं, पण येऊन उतरणार कोण?

जावयांनी लुसिमाराबाईंना पडद्यावर घेतलं.

"यंत्र म्हणतंय, हा सांतो एलिझेऊ नव्हे," बाई म्हणाल्या. "त्याच्या चार महत्त्वाच्या खुणा गायब आहेत." आणि त्यांनी जावयांच्या दृश्यभूमीतलं चित्र लावलं. पूर्वेच्या टोकाला चार पांढरे चौकोन, प्रत्येकाच्या कडेला बारीक लाल रेघ.

"ते पट्टे," जावई म्हणाले. "रंग पुसला गेला असणार."

मी चष्मा लावला. जवळ गेले.

"रंग? अहो, ती शालूच्या बाबांची धोतरं आहेत!"

जावयांनी चित्र मोठं केलं.

"मला वाटलं, इथली काही पद्धत असेल," जावई म्हणाले. "मी काठसुद्धा नीट काढला होता."

"काठ काढलात! फोटो काढायला ड्रोन अंगणातून उडवलात, तो बिचारा जाऊन बघून आला. तुम्हाला तेवढंही झालं नाही. शेजारी मी बसले होते, पापड्या उलथत. मी नाही दिसले?"

"माणसं मी काढून टाकतो, आई. ती हलतात. शिवाय दृश्य जड होतं, संगणक अडखळतो. सगळेच दृश्यकार काढतात."

"चूक दुरुस्त करायला किती वेळ?" मी पडद्याला विचारलं.

"नवं दृश्य, नवा सराव, तपासणी. दोन दिवस."

"मग यंत्राला शिकवत बसू नका. त्याला हवंय ते देऊ. विमान पाठवा."

मी पेटी उघडून धोतरं काढली.

वाळवणाच्या वेळी, सकाळी, तिथे वारा नावापुरता असतो. त्या दुपारी मात्र पावसाआधीचं वारं सुटलं होतं, तेही उलटं, पूर्वेचं. धोतर टाकलं की उडालं. दगड ठेवावा, तर त्या मुलखात दगड औषधाला सापडत नाही. शंभर कोस नुसती माती. विटा आणायला वेळ नव्हता, आकाशात घरघर सुरू झाली होती. तेव्हा झुलैदेनंच आधी अंग टाकलं, धोतराच्या एका टोकावर, आडवी. मग तिची बहीण. मग सेऊ अदालबेर्तो, गुडघे धरत. टपरीवरची तीन माणसं. एकेका धोतराला दोन, अशी आठ माणसं हवी होती. मी धरून सात झाली.

"मी पडद्यावर लक्ष ठेवतो," जावई म्हणाले.

"पडदा उडून चाललेला नाही. धोतर चाललंय. झोपा."

झोपले.

विमान उतरलं. पण वारा उलटा, म्हणून त्या दिवशी ते वळलं आमच्या टोकाला. त्याच्या लेखी आमच्याखाली कापड नव्हतं, रंग होता, आणि रंगावरून चाक जातं. झुलैदेच्या बहिणीनं पाय आखडला म्हणून बरं. चाक धोतराचा काठ दाबून वीतभर अंतरावरून गेलं. ती ओरडली. यंत्राला काय त्याचं. दार उघडलं, शालूला स्ट्रेचरवरून आत ठेवलं, सोबत नर्स. तिसऱ्याला जागा नव्हती. बाळंतपणाला म्हणून सात समुद्र ओलांडून आलेली मी, उताणी पडून लेकीचं विमान जाताना पाहिलं.

मुलगी झाली. दोघी वाचल्या.

मधल्या दिवसांत झुलैदे सकाळी धोतरं अंथरत राहिली, वारा नेहमीचा होता, विमान निमूट येत होतं. जावयांनी दृश्य दुरुस्त केलं होतं म्हणे, पण कंपनीची तपासणी लांबली होती. बाराव्या दिवशी शालू बाळाला घेऊन निघाली. आम्ही सगळे धावपट्टीच्या कडेला उभे, झुलैदेनं फुगेसुद्धा आणलेले. धोतरं अंथरलेली, आणि वारा पूर्वेचा पण मंद, म्हणून टोकांना विटा पुरल्या. विमान आलं. घिरटी घातली आणि उतरलं नाही. माझी नात माझ्या डोक्यावरून फिरत होती आणि यंत्राला हे गाव तिचं वाटत नव्हतं.

जावयांच्या फोनवर लुसिमाराबाईंचा आवाज आला. "चौकोन जुळले. पण पूर्वेच्या वाऱ्यात ते इथे एकदाच खरोखर उतरलंय. खऱ्या उतरण्याला ते सरावापेक्षा जास्त वजन देतं. त्या दिवशी चौकोनांवर आठ लांबट, काळसर खुणा होत्या. आज त्या नाहीत."

"खुणा कसल्या? माणसं होतो आम्ही!"

"यंत्राला माणूस माहीतच नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सरावात त्याला तो कधी भेटला नाही. जे पडून राहिलं आणि हललं नाही, ती खूण."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आम्ही पुन्हा आडवे झालो. तीच आठ जणं, त्याच जागी. अदालबेर्तोला डावीकडे झोपलो होतो की उजवीकडे ते आठवेना, झुलैदेनं शिव्या घालत सरकवलं. तिसऱ्या घिरटीला विमान उतरलं. या वेळी सगळ्यांनी पाय आधीच पोटाशी घेतले होते, तेवढा फरक त्यानं चालवून घेतला.

शालूनं बाळ माझ्या हातात दिलं. एवढंसं, लाल, मुठी आवळलेलं. मी अजून तिचं तोंड धड पाहिलं नव्हतं, तोवर जावई समोर आले. हातात काळ्या रंगाचा डबा, कुंचला आणि खडू. बाळाचा बाप, बारा दिवसांनी लेक भेटतेय, आणि चेहऱ्यावर आनंद कसला, तर गणित सुटल्याचा.

"आई, झालं! परत कुणाला झोपायला नको. आठ आकृत्या सिमेंटवर रंगवून टाकतो. माणसाच्या मापाच्या, हुबेहूब. धोतरांच्या जागी चार पांढरे चौकोन. लुसिमारा म्हणते, कंपनी मान्य करेल. यंत्र खूश, गाव खूश. सेऊ अदालबेर्तो, जरा आडवे व्हा हो, मी कडा आखून घेतो."

अदालबेर्तो खरंच वाकायला लागला होता. मी त्याला हातानं थांबवलं. शालू आईच्या बोलण्याला लहानपणापासून ओळखते; ती बाजूला सरकली.

"निनादराव, डबा खाली ठेवा आणि माझा निकाल ऐका. आजवर त्या यंत्राला माणूस ठाऊक नव्हता, तो तुमचा आळस म्हणून मी सोडून देत होते. आता तुम्ही त्याला माणूस शिकवायला निघालात. काय शिकवताय? जमिनीवर आडवं पडलेलं माणूस म्हणजे रंग. आणि रंगावरून ते चाक नेतं, हे झुलैदेच्या बहिणीला विचारा. उद्या कुणी चक्कर येऊन तिथे पडलं, तर ते घिरटीही घालणार नाही. खूण बरोबर जुळली म्हणेल आणि वरून जाईल. हात तुमचा देवाचा आहे, जावईबापू, पण समोर पडलेल्या माणसाची तुम्ही फक्त कडा बघता. विमान उतरो न उतरो, ही पोर आता याच गावात रांगणार आहे. तेव्हा या सिमेंटवर माणसाचं चित्र निघणार नाही. आधी हिला हातात घ्या, आणि ती किती हलते ते बघा."