डावरी गाठ

सावरखाडीत हर्षालीताईंना नुसती ठेच लागली, तरी माणसं आधी खाडीच्या दाराकडे बघत आणि मग ताईंकडे. त्यांचा तरी काय दोष? दर्या चढून पस्तीस वर्षं झाली होती. गाव आता समुद्राच्या पातळीखाली होतं आणि खाडीच्या तोंडावरचं अवाढव्य पोलादी दार ताईंच्या काळजावर चालत होतं.

मोठी लाट येण्याआधी समुद्र एक खोल आवाज काढतो. कानाला तो ऐकू येत नाही, शरीराला मात्र कळतो. पोटात गोळा येतो, तळवे भिजतात. हा शोध डॉ. हर्षाली तांडेल यांचा. यंत्रं त्या आवाजात आणि बोटींच्या घरघरीत गोंधळ करत. ताईंचं कोळणीचं शरीर चुकत नसे. म्हणून त्यांनी आपल्याच मानेत कातडीखाली टिकलीएवढी एक यंत्राची चकती बसवून घेतली. तिला त्या ‘भयकळ’ म्हणत. भयकळ तापली की भोंगा वाजे आणि दहा मिनिटांत दार बंद होई. तीनदा गाव वाचलं. बायका हळदीला गाऊ लागल्या:

दर्या गं दर्या, किती मारशील उडी,
आमच्या ताईच्या काळजाला लोखंडाची कडी.

“लोखंडाची कसली?” ताई हसायच्या. “मेणाची आहे गं बायांनो, म्हणून तर चालते.”

खोट एकच होती. भयकळीला भीती आणि दुःख यांतला फरक कळत नसे. नऊ वर्षांपूर्वी भावाच्या अपघाताचा फोन आला, ताई कोसळल्या आणि दार लागलं. एकदा पुरतं लागलेलं दार बारा तास उघडत नाही. बाहेर राहिलेल्या दोन होड्या खडकावर फुटल्या, अकरा माणसं गेली. त्या दिवसापासून गावात रीतच पडली. वाईट बातमी ताईंच्या उंबऱ्यापर्यंत न्यायची नाही. ठराव नाही की सभा नाही, पण पाळलं सगळ्यांनी.

त्या बुधवारी दुपारी दर्या खवळलेला होता आणि चाळीस होड्या परत येत होत्या. दारावर काम करणारे हिराजीकाका ताईंच्या आईकडून आलेलं गाठोडं घेऊन आले. आई डोंगरापलीकडे राहायची. ताईंना खाडी सोडता येत नव्हती, आईला गुडघ्यांनी जखडलेलं, आणि कान गेल्यामुळे फोनही नाही. दर महिन्याला कुळथाच्या पिठाचं गाठोडं यायचं, तीच ख्यालीखुशाली.

ताईंनी दोरीला हात लावला आणि तसाच ठेवला.

“काका, ही गाठ कुणी मारली?”

“आईनंच की. दुसरं कोण मारणार?”

“आई डावरी आहे. पन्नास वर्षं जाळी विणली तिनं. तिची गाठ या बाजूनं कधीच बसली नाही.”

हिराजीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंची मान भाजू लागली, आणि बाहेर भोंगा वाजला.

“ताई, पाया पडतो तुमच्या! होड्या बाहेर आहेत. माझा जावई आहे त्यात.”

आयुष्यभर ताईंनी प्रश्नच विचारले होते. समुद्राला, यंत्रांना, स्वतःच्या रक्ताला. आता फक्त तीन शब्दांचा प्रश्न ओठांवर होता. आई आहे ना? पण तो विचारला, तर आता काकांना खोटं बोलता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी डोळे मिटले. लहानपणी आईच्या मांडीला टेकून मोजायच्या, तसे जाळ्याचे फास मोजू लागल्या. एक फास, दोन फास. फार दुखत होतं. खिडकीतून दिसणारं दार निम्मं सरकलं होतं. एकशे सतराव्या फासाला भोंगा थांबला. दार कुरकुरत मागे गेलं आणि पहिली होडी आत शिरली.

हिराजीकाका रडत होते. ताईंनी गाठ सोडली आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

“हे बघा. डावीकडून घ्यायची, खालून वर, मग आवळायची. पुढच्या महिन्यात चुकू नका.”

काकांची गाठ दोनदा चुकली. तिसऱ्या खेपेला गाठ नीट बसली.

“आता बरोबर?” त्यांनी विचारलं.

“अगदी आईसारखी,” ताई म्हणाल्या आणि पिठाचा डबा काढायला उठल्या.