दोन घरचा अळणी पाहुणा

गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला ती दुकानातून निघाली आणि निम्म्या रस्त्यात पावसानं गाठलं. छत्री दुकानात. अर्थातच! समोर दिसलं त्या दारात ती घुसली. केस झटकले, वर पाहिलं, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी गळ्याला रुमाल बांधून, डोळे मिटून कटलेटचा घास घोळवत बसलेले गृहस्थ तिचे सख्खे वडील होते.

जे या वेळी वाचनालयात असायचे. निदान घरी तसं सांगायचे.

"नाना!"

नानांनी एक डोळा उघडला. "अगं, तू? बस ना. इथे वर्तमानपत्र जरा... ताजं असतं."

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. महिन्यापूर्वी नानांचा रक्तदाब असा चढला होता की डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या, मीठ निम्म्यावर आणलं आणि तळणावर सरळ काट मारली. तीन महिन्यांत उतरला नाही, तर हृदयावर येईल म्हणाल्या होत्या. तिची आई अशीच गेली होती, हूं की चूं न करता. तेव्हापासून ही रोज पहाटे उठून नानांसाठी बेचव सूप आणि उकडलेल्या भाज्या करून मग कामावर जायची. आणि इथे हे—

"मालक कोण आहे इथे?"

स्वयंपाकघराच्या दारात एक उंच माणूस उभा राहिला. बाह्या दुमडलेल्या, कोपराला पीठ.

"मालक, आचारी, भांडी घासणारा, सगळं मीच. काय देऊ?"

"उत्तर द्या! यांना खारट चालत नाही, तळलेलं चालत नाही, आणि तुम्ही खुशाल—"

"खाऊन बघा."

"मी जेवायला नाही, भांडायला आलेय."

"भांडायलाही अंगात ताकद लागतेच की."

रागाच्या भरात तिनं नानांच्या कटलेटचा तुकडा मोडला. वरून कुरकुरीत, आत मऊ... आणि चक्क गुलाबी. तिच्या भुवया आपोआप वर गेल्या. तो खिडकीपाशी सरकला आणि नानांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलू लागला.

"बटाटा नावाला. बाकी शिजवलेली मसूर, किसलेलं बीट, ओटचं पीठ. तळत नाही, तव्यावर तेलाचं बोट फिरवतो. मीठ निम्मं. लिंबू, लसूण, मिरपूड घातली की जीभ फसते."

"पण... तुम्हाला सांगितलं कोणी?"

"त्यांच्या बुटांनी. नाड्या सोडलेल्या होत्या, घोटे सुजलेले. माझ्या वडिलांचे असेच असायचे." तो जरा थांबला. "तेव्हा मला काही कळत नव्हतं."

तिचा राग कुठे गेला, तिचं तिलाच समजलं नाही. बाहेर पाऊसही ओशाळल्यासारखा थांबला होता.

"अजून एक मिळेल?"

"भांडण संपलं?"

"तहकूब."

तहकूब भांडण पुढे चालवायला रोज दुपारी यावं लागतंच. ती येऊ लागली. नानांना काही सांगायचं नाही असं ठरलं. पदार्थ पौष्टिक आहे म्हटलं की नानांची भूक मरायची. मग खिडकीपाशी कुजबुज चाले. क्रीमच्या सुपात क्रीमऐवजी लाल भोपळा. केकमध्ये साखरेऐवजी पिकलेलं केळं आणि खजूर. मैद्याच्या पावाऐवजी गव्हाचा, जवस घातलेला... तो पाव पहिल्या खेपेला असा टणक निघाला की ती म्हणाली, "हा दाराला लावू या. वाऱ्यानं आपटायचं नाही."

"माणसानं चव सांगावी, टोमणे नाही मारावेत."

"आणि माणसानं कागद इतका लांब धरून वाचू नये. चष्मा लागलाय तुम्हाला."

"छत्तिशीत?"

"डोळ्यांना जन्मतारीख कुठे माहीत असते! दुकानात या. तपासते."

तो गेला. अंधाऱ्या खोलीत तिनं भिंग पुढे धरलं. "काय दिसतंय?"

"अक्षरं जरा... पुसट. बाकी सगळं लख्ख दिसतंय."

बाकी समोर तीच तर होती. भिंग तिच्या हातून सुटता सुटता राहिलं.

नानांच्या घोट्यांची सूज उतरली, बुटांच्या नाड्या बांधल्या जाऊ लागल्या. आणि सगळं सुरळीत चाललं असताना एका दुपारी नाना खुर्चीवरून उठले, टेबलाला धरलं आणि पांढरेफटक पडून खालीच बसले.

दवाखान्याच्या बाकावर ती आणि तो शेजारी शेजारी होते. त्याच्या अंगात ॲप्रन, हातात अजून डाव. त्यानं डाव खाली ठेवला आणि तिचे हात आपल्या हातांत घेतले. आई गेली तेव्हा या बाकावर ती एकटी होती.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "जेवणात मीठ किती असतं यांच्या?"

"पंधरा दिवस मी अजिबात घातलेलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, हे हॉटेलवाले... चवीसाठी हात सैल सुटत असेल. म्हणून घरचं बंदच केलं."

तो तिच्याकडे वळला. "मीही बंद केलं. मला वाटलं, तुम्ही मुलगी. नानांनी डोळ्यांत पाणी आणलं की तुम्ही विरघळणार..."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मलाही तेच..."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "वजन उतरलं, दाब उतरला, वर गोळी पूर्ण आणि मीठ शून्य. चक्कर येणार नाही तर काय! गोळी आता निम्मी करते. चिमूटभर मीठ घालत जा. बाकी हृदय झकास आहे त्यांचं."

झकास. तो शब्द ऐकला आणि दोन महिने छातीवर ठेवलेला वरवंटा कोणीतरी अलगद उचलावा तसं तिला झालं. ती हसायला लागली, हसता हसता रडली आणि नाक पुसायला तिला त्याच्या ॲप्रनचं टोकच सापडलं.

आतून नानांचा आवाज आला. खणखणीत. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी अळणी राहिलो! मला वाटलं, माझी जीभच गेली. म्हातारपण म्हणून गप्प बसलो. अरे, एकाच घरात शिजवा ना दोघं! निदान मीठ कोणी घातलं ते तरी कळेल!"

समोरच्या भिंतीवर दृष्टितपासणीचा तक्ता असल्यासारखी दोघंही तिकडेच बघत बसली.

"नाना जरा... स्पष्टच बोलतात," ती म्हणाली.

"बरं झालं. मला महिनाभर जमलं नाही ते." त्यानं तिचे हात अजून सोडले नव्हते. "भांडण कायमचं तहकूब ठेवशील? माझ्या घरी?"

'ठेवशील.' 'तुम्ही' गळून पडलं होतं, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"तुझ्या नाही," ती म्हणाली. "नानांच्या. त्यांना सोडून मी कुठे जाणार नाही."

"मग मी डाव घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी नानांच्या स्वयंपाकघरात सूप उकळत होतं. त्याच्या नाकावर नवा चष्मा, वाफेनं पांढरा झालेला. "मला काही दिसत नाहीये. मीठ तू घाल."

"दोघं मिळून," ती म्हणाली, आणि त्याच्या चिमटीला आपली चिमूट लावली.

नानांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"हां," नाना म्हणाले, "आता माणसांनी केल्यासारखं लागतंय. आणि त्या कटलेटात बीट घालता ते मला पहिल्या दिवसापासून माहितीय हं!"