दोन माणसांचं काम

"ही बोट रिकामी असताना आतून पंप कोण मारतं?"

प्रश्न ठिणगीचा नव्हता. पैज हरल्यामुळे मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. आणि विचारायचा होता थेट मिस्त्रीला. म्हणजे ज्याला हसताना अख्ख्या धक्क्यावर कुणी पाहिलेलं नाही, त्याला.

तुम्ही विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ठिणगी माझी सख्खी चुलतबहीण. तिने हे मला एकदाच सांगितलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्यानंतर कितीही खोदून विचारलं तरी पुन्हा तोंड उघडलं नाही.

आणि हो, मध्यरात्र, घुबड, वटवाघळं वगैरे डोक्यातून काढून टाका. शनिवार होता. दुपारचे सव्वातीन. धुकं इतकं दाट की धक्क्याला बांधलेल्या बोटींच्या फक्त डोलकाठ्या दिसत होत्या. खाली बोटी आहेत हे समजून घ्यायचं.

मिस्त्रीने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"कोण म्हणतं पंप मारतं?"

"वॉचमन म्हणतो," चष्मिस ठिणगीच्या मागून म्हणाली. ठिणगीची ही मैत्रीण भित्री, पण दुसऱ्याच्या मागे उभं राहून शूर.

"वॉचमन चार वाजता पेंगायला लागतो. त्याला पंप आणि पेटी यातला फरक कळतो का?"

"नाही कळत. त्याने आवाज करून दाखवला. चुक्... चुक्... चुक्... मग जरा थांबतो. मग परत चुक्... चुक्..."

मिस्त्रीने फडकं परत हातात घेतलं.

ठिणगी हसत होती. मोठ्याने, नेहमीसारखी. पण तो आवाज तिला पाठ होता.

"तू घरी जा गं," मिस्त्री चष्मिसला म्हणाला. "ठिणगी, तू थांब. मला एक माणूस लागेल."

ती बोट ठिणगीच्या मामाची. शिडाची, जुनी, ठिणगीच्या आईपेक्षा दोनच वर्षांनी लहान. तिच्या पोटात एक हिरवं डिझेल इंजिन. वारा पडला की बोटीला बंदरातून आत-बाहेर करायला तेवढाच आधार. मामाचं लग्न झालेलं नव्हतं. आई म्हणायची, "याने इंजिनाशी लग्न केलंय, आणि तीही रुसकी निघाली."

आठ महिन्यांपूर्वी मामा एकटाच बोट घेऊन निघाला. वारा अजिबात नव्हता. ओहोटी जोरात होती. बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं आणि पाण्याने बोट बांधाच्या दगडांवर नेली.

बोटीला फक्त खरचटलं.

मामा दोन दिवसांनी सापडला.

लोकांनी बोट ओढून आणली तेव्हा इंजिनाचं झाकण उघडं होतं आणि फिल्टरवरच्या स्क्रूला पाना तसाच लटकत होता. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. इंजिनाची निगा राखली नाही. हलगर्जीपणा. आईने तर त्या दिवसापासून मामाचं नाव टाकलं. त्याचा फोटो कपाटात, साड्यांच्या खाली. कुणी विषय काढला की एवढंच म्हणायची, "एवढंसं इंजिन सांभाळता आलं नाही त्याला." आणि उठून स्वयंपाकघरात जायची. बराच वेळ नळ सोडून ठेवायची.

आता तिला बोट डोळ्यांसमोर नको होती. रविवारी एक माणूस बघायला येणार होता, बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन. त्याआधी इंजिन चालू करून द्यायचं काम मिस्त्रीकडे.

आणि ठिणगी मदतीला का थांबली? सगळ्यांना वाटलं, हौस.

हौस नव्हती.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी डिझेलचा फिल्टर ठिणगीने बदलला होता. एकटीने. पहिल्यांदा. मामा म्हणाला होता, "आज मी बघणारसुद्धा नाही. तू आता तयार झालीस." आणि खरंच चहाचा कप घेऊन पाठ करून वर बसला होता. नंतर दोन मिनिटं इंजिन चालवलं. सुरेख चाललं. मामाने वाकून सलाम ठोकला होता तिला.

हे कुणालाच माहीत नव्हतं. आठ महिने ती शाळेत सर्वांत जास्त बोलत होती, सर्वांत जास्त हसत होती, भाषणात पहिली आली होती. आणि रोज झोपताना एकच विचार. माझ्यामुळे तर नाही?

बोटीत उतरून मिस्त्रीने इंजिनाचा सेल्फ मारला. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि चालू झालं.

"ऐक," तो म्हणाला. "आवाज बघ कसा आहे."

आवाज छान होता. एक मिनिट. दोन मिनिटं. चार.

पाचव्या मिनिटाला आवाज लटपटला... चढला... पडला... आणि बंद.

"डिझेलमध्ये हवा," मिस्त्री म्हणाला. "कुठूनतरी हवा ओढतंय. चल, हवा काढू."

हे काम दोन माणसांचं. इंजिनाच्या उजव्या अंगाला फिल्टरवर एक छोटा स्क्रू. तो सैल करायचा. पंपाची दांडी डाव्या अंगाला, तिथे पोहोचायला मागच्या झाकणातून आडवं व्हावं लागतं. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने स्क्रूकडे बघत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्वच्छ आलं की दुसरा ओरडतो, "पुरे", आणि पंप चालू असतानाच स्क्रू आवळतो. एकट्याने करायला गेलं तर इकडून तिकडे जाईपर्यंत हवा परत आत.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा पाचव्या मिनिटाला बंद.

"फिल्टर उघडावा लागणार," मिस्त्री म्हणाला.

ठिणगी पटकन पुढे झाली.

"मी उघडते. तुम्ही नवीन आणा ना गाडीतून."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग शिडी चढून गेला. त्याच्या पावलांचा आवाज धक्क्यावरून लांब गेला... आणि धुक्याने गिळून टाकला.

आता बोटीत ती एकटी.

आधी तिच्या लक्षात आलं नाही. मग आलं. बोटीच्या कडेला लाटा थपथपत असतात, दोर करकरत असतात, बोटीत बसलं की ते कायम कानांत असतं...

काहीच ऐकू येत नव्हतं.

तिने बॅटरी तोंडात धरली आणि फिल्टरचा बोल्ट सोडला. डबा खाली आला. वरच्या कडेवर रबराची काळी रिंग होती. तिनेच बसवलेली. बरोबर बसली होती. तिने सुटकेचा श्वास सोडला.

मग वर, फिल्टर जिथे बसतो त्या खोबणीत, उगीच बोट फिरवलं.

तिथे अजून एक रिंग होती.

जुनी रिंग कधीकधी वरच चिकटून राहते. नखाने खरवडून काढावी लागते. तिच्यावरच नवीन बसवली तर सगळं घट्ट वाटतं, गळतसुद्धा नाही. फक्त थोड्या वेळाने हवा ओढायला लागतं. मामाने दहादा सांगितलं होतं, "आधी जुनी मोज, मग नवी लाव." त्या संध्याकाळी एकटीने करायच्या नादात तिने मोजली नव्हती.

ती रडली नाही. मला म्हणाली, "रडायला यायला आधी श्वास यावा लागतो."

बराच वेळ ती दोन्ही रिंगा तळहातावर घेऊन बसली. मिस्त्री अजून आला नव्हता. मामाच्या खणात एक नवा फिल्टर ठेवलेला असायचा. होता. तिने खोबण पुसली, दोनदा बोट फिरवून पाहिलं आणि फिल्टर बसवला. मग दहा नंबरचा पाना घेऊन वरचा स्क्रू सैल केला. का केला तिला सांगता आलं नाही. पंप मारायला तर कुणी नव्हतं.

आणि मग...

चुक्...

तिने कान टवकारले.

चुक्... चुक्...

इंजिनाच्या पलीकडून. डाव्या अंगाने. अगदी जवळून.

चुक्... चुक्... चुक्...

स्क्रूभोवती फेस आला.

तिला पळायचं होतं. पाय हलले नाहीत. आणि पान्यावरचा हातही सुटला नाही. पंपाची लय तिला ओळखीची होती. चार झटके, मग जरा थांबून मनगट झटकायचं, मग परत चार. मनगट दुखायचं त्याचं, शाळेत असताना मोडलं होतं.

चुक्... चुक्... चुक्... चुक्...

थांबला.

चुक्...

बुडबुडे आले. मोठे, मग बारीक. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिचे डोळे स्क्रूवर होते. बुडबुडे विरळ झाले. मग स्वच्छ, सोनेरी डिझेल.

"पुरे," ती म्हणाली. सवयीने.

स्क्रू आवळला.

पंप थांबला.

पलीकडे कुणीतरी श्वास सोडला. थकलेल्या माणसासारखा.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या सकाळी तो एकटाच होता. पंप मारायचा, धावत स्क्रूकडे यायचं, तोवर हवा परत आत. पुन्हा पंप. पुन्हा धाव. दगड जवळ येत असताना... आणि तेव्हापासून तो तेच करत होता. आठ महिने. पलीकडे पाना धरायला कुणी नव्हतं.

"मामा," ती हळूच म्हणाली. "माझ्यामुळे झालं रे."

लाटांची थपथप परत सुरू झाली.

मिस्त्री उतरला तेव्हा इंजिन चालू होतं. सहा मिनिटं. दहा. पंधरा. तो घड्याळाकडे बघत उभा राहिला. मग मागच्या झाकणात वाकून हात घातला. पंपाची दांडी ओली होती.

"हवा कशी काढलीस?"

तिने मूठ आवळली.

"तिकडे पाना धरून तुझा हात इथे पोहोचत नाही. माझाही नाही पोहोचत."

ठिणगीने मूठ उघडली. तळहातावर दोन रिंगा. मिस्त्रीने एक उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"आठ महिने तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं."

मिस्त्री पायरीवर बसला. हा माणूस कुणाची समजूत काढेल अशी तिची अपेक्षाच नव्हती.

"मी शिकत होतो तेव्हा हीच चूक केली होती," तो म्हणाला. "माझी बोट धक्क्याला बांधलेली होती. एवढाच फरक."

मग म्हणाला, "आणि हेही ऐकून ठेव. शिकाऊ पोराचं काम उस्तादाने एकदा बघायचं असतं. त्याने नाही बघितलं."

"तो माझ्यावर विश्वास ठेवून बसला होता."

"हो. तेच."

दोघांनी झाकणं लावली. कुलूप घातलं. धक्क्यावरून चालायला लागले. धुकं थोडं विरळ झालं होतं. ठिणगीला वाटलं, झालं. काम झालं, हवा निघाली, आता तो जाईल.

वीस पावलं झाली असतील...

चुक्...

मिस्त्री थांबला नाही. उलट पाय उचलून चालायला लागला. त्याने ठिणगीचा दंड धरला होता, घट्ट.

चुक्... चुक्...

आधीपेक्षा हळू. कुणीतरी ऐकतंय का, याचा अंदाज घेतल्यासारखा.

इंजिन दुरुस्त झालं होतं. मग आता त्याला काय हवं होतं? मी हे मिस्त्रीला विचारायला गेले होते. त्याने मला दारातूनच परत पाठवलं. त्या धक्क्यावर मी नंतर दोनदा गेले, दोन्ही वेळा भर दुपारी, आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परत फिरले. काय ऐकलं ते मला लिहायचं नाही.

ठिणगी घरी पोहोचली तेव्हा सहा वाजत आले होते. बाबा टेबलावर बोटीचे कागद लावत होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"झालं का ते धूड चालू?" आईने मान वर न करता विचारलं. "उद्या गेलं की सुटले मी. त्या मेल्याला जिवंतपणी तेवढं कधी जमलं नाही."

"आई."

"हात धू आधी. सगळं घर डिझेलने घाण करशील."

ठिणगीने हात धुतले नाहीत. ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. आईची घडी अर्धवट राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या तो माणूस येईल तेव्हा इंजिन का बंद पडलं होतं ते त्याला मीच सांगणार आहे. त्याच्या मुली त्या बोटीत बसणार आहेत. पण आधी तुम्हाला सांगणार आहे, आत्ता, सगळं. आणि आई, माझं बोलून होईपर्यंत मामाला एक शब्दही बोलायचा नाही."