दोनशे आठचा अभिप्राय

"तुम्ही दोनशे आठ?"

मी मान वर केली. समोर एक उंच, सडपातळ माणूस उभा होता आणि त्याची नजर माझ्यावर नव्हतीच, काउंटरवर पडलेल्या माझ्या कार्डावर होती. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एवढासा स्क्रूड्रायव्हर. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातला हा, एवढं मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. कार्ड माझंच होतं. खोटं काय त्यात?

"म्हणजे... तुम्हीच?" तो म्हणाला आणि असा काही हसला की मला मागे वळून बघावंसं वाटलं, तिथे दुसरं कोणी उभं आहे की काय. "तीन वर्षं शोधतोय तुम्हाला. पहिल्या भागावर तुम्ही लिहिलंय ना, 'नकाशा आधी बघू नका, हरवण्यात मजा आहे' — मी खरंच नकाशाचं पान चिकटवून टाकलं होतं!"

"ग्रंथालयाचं पुस्तक होतं ते," मी म्हटलं.

"मग सुटं पण केलं," तो घाईघाईने म्हणाला. त्याचे कान लाल झाले. आणि त्या लाल कानांपायी, जे वाक्य तेव्हाच बोलायला हवं होतं, ते मी गिळून टाकलं.

आमच्या वाचनालयात वाचकाचं पेन पुस्तकाला लागत नाही. पूर्वी कोणीतरी रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून ठेवलं होतं म्हणे. तेव्हापासून ग्रंथपालकाकांचा नियम: पुस्तक परत करताना काय वाटलं ते तोंडी सांगायचं, काका ते मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहून घेणार. पुढे फक्त सभासद क्रमांक. नाव नाही, तारीख नाही. सगळी मतं काकांच्या एकाच वळणदार अक्षरात. क्रमांकामागचं माणूस कोण, हे काकांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

लोक पुस्तकाआधी तो कागद वाचायचे. मधमाशीपालनाच्या पुस्तकावर एकाने सांगितलं होतं, 'माहिती चांगली, पण माश्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही.' एका गिर्यारोहकाच्या आत्मचरित्रावर, 'डोंगर कमी, बायकोच्या तक्रारी जास्त.' पण खरी जुंपायची ती 'निळ्या वाळूचं राज्य' या पाच भागांच्या अद्भुत कादंबरीवर. तांब्याच्या पंखांचा पक्षी, बोलणारी वाळू, सतरा राजपुत्र. 'मुलासाठी नेलं, मीच जागलो.' 'पहिली शंभर पानं नावं पाठ करण्यात गेली.' 'पक्षी फार शहाणपणा शिकवतो.' आणि या सगळ्यांत खवट आवाज होता सहाशे एकतीसचा: 'राजा कोण होणार हे चारशे पानांत ठरत नाही. आमच्या सोसायटीचा अध्यक्ष दहा मिनिटांत ठरतो.'

ते सहाशे एकतीस म्हणजे मी.

आणि दोनशे आठ म्हणजे काकू. काकांची बायको. शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. काका पुस्तक घरी न्यायचे, जेवताना त्या मत सांगायच्या, सकाळी काका ते कागदावर उतरवायचे. चौथा भाग वाचून झाला आणि काकू गेल्या. पाठोपाठ काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, अक्षरं दिसेनाशी झाली. त्यांनी मला काउंटरवर बसवलं, माझं जुनं कार्ड काढून घेतलं आणि हे पुढे केलं. "रिकामा नंबर बघवत नाही गं. तू घे."

म्हणजे मला सगळं माहीत होतं. अजाणतेपणी झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

तो दुपारी दुकान बंद करून यायचा. मी पूर्वी सकाळी यायचे, म्हणून तीन वर्षांत आमची गाठ पडली नव्हती. आता रोज पडायला लागली. पुस्तक संपो न संपो, त्याला काहीतरी सांगायचं असायचंच.

"लिहा," तो काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा. "तीनशे सत्त्याहत्तर. 'सहाशे एकतीस यांनी त्यांच्या सोसायटीची इतिवृत्तं छापावीत, आम्ही आनंदाने वाचू.'"

मी लिहायचे. माझ्यावरचे टोमणे मी माझ्याच हाताने, नीट ओळ धरून लिहायचे.

"जरा जास्त होतंय का?" तो विचारायचा.

"नाही. त्यांना सोसेल."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"...थोडंफार."

"कशा आहेत हो? की कसे आहेत?"

"नंबरामागचं माणूस सांगायचं नसतं," मी म्हणायचे. ओठांवर येणारं हसू दाबायला मला शिक्का शोधायचं नाटक करावं लागायचं.

एकदा त्याने विचारलं, "सहाशे एकतीसचं नवीन काहीच दिसत नाही हल्ली?"

"बंद झालं ते कार्ड."

"सुटलो!" तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. आत मात्र काहीतरी टचकन टोचलं. बघ, मी मनाला म्हटलं, तुझ्या जाण्याने माणसं सुटतात.

घरी वहिनीचं रोजचंच चाललेलं असायचं. "अहो, बाई मनाने वाईट नाही, जीभच तेवढी कात्रीसारखी चालते," हे ती दादाला सांगायची, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. दोन ठिकाणी जमत आलेलं फिसकटलं होतं. पहिल्याला मी त्याच्या कविता कशा वाटल्या ते सांगितलं होतं. त्याने विचारलं होतं म्हणून. दुसऱ्याने तर विचारलंही नव्हतं.

म्हणून मी काकूंचं पांघरूण अंगावर ओढून घेतलं. ते ऊबदार होतं. ज्या वाक्यांवर तो भाळला होता, ती मी पाठ केली. त्यांच्यासारखं बोलायचा सराव केला. "कसं वाटलं?" असं त्याने विचारलं की पहिलं जे मनात यायचं ते मी सोडून द्यायचे आणि दुसरं सांगायचे. दुसरं नेहमी गोड असायचं.

"तुमचा चष्मा डावीकडे कलतोय," एक दिवस तो म्हणाला. "इतके दिवस बघतोय. राहवत नाही."

"मग नका बघू."

"ते जमत नाही ना..."

त्याने हात पुढे केला. मी चष्मा काढून दिला आणि पलीकडचा तो नुसता रंगाचा ठिपका झाला. स्क्रू पिळल्याची बारीक किरकिर आली. मग त्याने स्वतःच चष्मा माझ्या नाकावर चढवला, काडी कानामागे बसते का ते बोटाने चाचपून पाहिलं. बोट थंडगार होतं. कानामागची ती जागा दिवसभर माझी राहिली नाही.

"चौथ्या भागावर तुम्ही सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला, "'राज्य मिळो न मिळो. पक्षी घरचा रस्ता विसरला नाही, मला एवढं पुरे.' बाबा गेले त्या महिन्यात मी ते वाचलं. दुकान माझ्या गळ्यात पडलं होतं, मला पळून जायचं होतं. त्या ओळीने थांबवलं मला. तू... तुम्ही हे कसं लिहिलंत?"

तो 'तू' म्हणाला होता. त्या एका 'तू'साठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच.

"सुचलं," मी म्हटलं.

पाचव्या भागाच्या कागदावर दोनशे आठचं काही नव्हतं. ते कसं असणार? त्याने तो भाग मुद्दाम वाचायचा ठेवला होता. "आधी तू वाच. तुझं मत लिही. मग मी नेईन."

मी वाचला. सहाशे पानं. शेवटच्या प्रकरणात राणी डोळे उघडते आणि कळतं की वाळू, पक्षी, राजपुत्र, सगळं तिचं स्वप्न होतं. मला इतका राग आला की पुस्तक मी पलंगावर आपटलं. चार भाग माणसाला चालवायचं आणि पाचव्यात सांगायचं की रस्ताच नव्हता! हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, शब्दांसकट. दुसऱ्या दिवशी मी पेन उचललं आणि लिहिलं: '२०८ — स्वप्न होतं म्हणून काय झालं? जागं करणारं कोणी असलं म्हणजे झालं.'

त्याने तिथेच उभ्या उभ्या वाचलं. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

"हे... माझ्यासाठी आहे?"

मी मान हलवली.

"मग मी आईशी बोलतो," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत हे वाचून संपवतो आणि आईशी बोलतो. चालेल?"

चालेल म्हणाले मी. त्या आठवड्यात वहिनीने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं, ताप तर नाही ना म्हणून, कारण मी कोणालाच काही बोलत नव्हते.

शनिवारी दुपारी दार उघडलं आणि तो आत आला, एका हातात पाचवा भाग आणि दुसऱ्या हाताने काकांचा दंड धरलेला. काकांच्या नाकावर नवाकोरा चष्मा. ऑपरेशन होऊन महिना झाला होता.

"आजच तयार झाला," तो उत्साहाने सांगत होता. "म्हटलं, इथेच आणून वाचायला लावू. स्वतःच्या काउंटरवर." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून, "शेवट मला नाही आवडला हां. अजिबात. तुला आवडला याचंच नवल वाटतंय... बोलू नंतर."

"काय वाचू?" काका पोरासारखे उतावीळ झाले होते.

"हे घ्या." त्याने हातातलंच पुस्तक पुढे केलं. काकांनी सवयीने ते मागून उघडलं. मला हात पुढे करून ते ओढून घ्यावंसं वाटलं. हात हललाच नाही.

"अक्षर तुझं. छान आहे," काका म्हणाले आणि एकेक मत मोठ्याने वाचू लागले. प्रत्येक ओळीला खूश होत होते. "'दोनशे आठ...'"

ते थांबले. चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा घातला. ओळ मनातल्या मनात वाचली.

"हे तिचं नाही," काका म्हणाले. "तिने पाचवा वाचलाच नाही. उशाशी होता. खूण पहिल्याच पानावर राहिली."

"कोणी?" त्याने विचारलं.

"आमच्या हिने. दोनशे आठ नंबर तिचा. चारही भाग तिचे." काका त्याच्याशी बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते. "गेली, तेव्हा मी या पोरीला दिला."

पंखा फिरत होता. कोणीतरी मासिकाचं पान उलटलं.

"नंबर तुझाच आहे गं," काका म्हणाले, अगदी मऊ आवाजात. रागावले असते तर बरं झालं असतं. "पण बोलणं तिचं कशाला घेतलंस? तुझं काय वाईट होतं?"

ते वाचनकक्षात जाऊन खुर्चीवर बसले. पुस्तक मात्र काउंटरवरच राहिलं.

त्याने पुस्तक स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "पक्ष्याचं ते... बाबांच्या वेळचं. ते पण?"

"काकूंचं."

"आणि तुम्ही म्हणालात, सुचलं."

तुम्ही. ते ऐकून मला कळलं की आता काही उरलं नाही.

"मी सांगणार होते," मी म्हटलं. हे वाक्य किती फुसकं आहे हे मला बोलतानाच ऐकू आलं. "मी... माझा नंबर दुसरा होता. सहाशे एकतीस."

त्याने झटकन वर पाहिलं. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, त्याचा चेहरा पहिल्या दिवशीसारखा उजळला. मग तो उजेड गेला.

"सहाशे एकतीसशी भांडायला मी यायचो इथे," तो म्हणाला. "दोनशे आठ वाचून बरं वाटायचं. पण दुकान बंद करून धावत यायचो ते, आज सहाशे एकतीसने काय तारे तोडलेत ते बघायला. कार्ड बंद झालं म्हणालात तेव्हा घरी जाऊन आईला सांगितलं, आता मजा गेली."

"तुम्ही 'सुटलो' म्हणालात."

"हसत म्हणालो. तुमच्याकडे बघत म्हणालो..." त्याने डोळे चोळले. "ती माझ्यासमोर बसून माझंच लिहून घेत होती. आणि मला ती भेटूच दिली नाहीत तुम्ही."

"ती आत्ता आहे ना इथे."

"असेल. पण आता तुम्ही काही चांगलं बोललात की मी विचार करत बसेन, हे कोणाचं. मला नाही जमायचं ते."

मी रडले नाही. रडायचा हक्क मागावा असं काही माझ्याकडे नव्हतं.

त्याने पाचवा भाग माझ्याकडे सरकवला. "परत करतोय. मत लिहून घ्या. नियम आहे."

मी पेन उचललं.

"तीनशे सत्त्याहत्तर," तो म्हणाला. आवाज सरळ ठेवायला त्याला त्रास होत होता. "'चार भाग खरे वाटले, म्हणून पाचवा इतका लागला. शेवट फसवा आहे.'"

मी लिहिलं. ओळ धरून. त्याने वाकून तपासलं, मान हलवली आणि काकांना घरी सोडायला आत गेला. जाताना त्याने आपलं कार्ड काउंटरवर ठेवलं. दुकान तिथेच आहे, तोही तिथेच आहे, पण वाचनालयात तो पुन्हा आला नाही.

सोमवारी काकांनी माझं जुनं कार्ड खणातून शोधून काढलं आणि न बोलता माझ्यापुढे ठेवलं. दोनशे आठचं त्यांनी स्वतःच्या खिशात टाकलं. मी पाचवा भाग काढला, काकूंच्या नंबरापुढची माझी ओळ एका रेघेने खोडली आणि कागदाच्या तळाशी उरलेल्या जागेत लिहिलं:

'६३१ — तीनशे सत्त्याहत्तर यांच्याशी पहिल्यांदाच सहमत.'

त्यानंतर ते पुस्तक बऱ्याच जणांनी नेलं. खूप जण विचारतात, हे दोघं एवढे भांडायचे, मग शेवटी मत कसं जुळलं? नंबरामागचं माणूस सांगायचं नसतं, असं मी त्यांना सांगते. माझा चष्मा पुन्हा डावीकडे कललाय. मी तसाच वापरते.