दुसऱ्याच्या मापाचं

मी धनुष्यं दुरुस्त करतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग "म्हणजे नेमकं काय करता?" विचारतात, आणि मी सांगायला लागलो की घड्याळाकडे बघतात. म्हणून हल्ली मी सरळ 'सुतारकाम' म्हणतो आणि विषय संपवतो. घराच्या मागच्या खोलीत माझा कारखाना आहे. खिडकीखाली लांब टेबल, भिंतीवर कानशी आणि रंधे, कोपऱ्यात सरस वितळवायचा डबा. त्या सरसाचा वास आईला मुळीच खपत नाही. "मेलं काय शिजवतोयस?" हे तिचं रोजचं वाक्य.

आईचा डावा खांदा कधीचाच आखडलाय. हात कानापर्यंतसुद्धा जात नाही. त्यात ती डावखुरी. उजव्या हाताने फणी धरली की डोक्याचं घरटं करून ठेवते. तेव्हा रोज सकाळी, चहाच्या आधी, मीच तिचे केस विंचरतो. भांग वाकडा पडला तर बोलणी खातो. "लाकडावर सरळ रेघ मारतोस, आईच्या डोक्यावर मारता येत नाही होय रे?"

मामा गेले आणि त्यांचं शिकारीचं धनुष्य माझ्याकडे आलं. त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर ते वर्षानुवर्षं दोरी उतरवून टांगलेलं होतं. गडद लाकूड, माझ्या खांद्याएवढी उंची. मुठीचं चामडं घामाने काळं पडलेलं, अंगठ्याच्या जागी झिजून खाली लाकूड दिसत होतं. मुठीच्या वर, बाण टेकतो तिथे, बाण घासून घासून खोबण पडली होती. वॉर्निशला बारीक तडे होते. अशा वस्तूला कोरड्या फडक्याने पुसावं आणि हात जोडावेत, हे माझं मत. ज्याने ते वापरलं त्याचा हात त्या झिजेत असतो. गिऱ्हाईक चकचकीत करून मागायला आलं की मी त्याला दार दाखवतो.

आईनेही तेच सांगितलं, पण तिचं कारण वेगळं होतं.

"जायच्या आधी तो म्हणाला होता, ते तसंच ठेवा. दुसऱ्या कुणाच्या मापाचं करू नका. मला पळायला लावू नका."

"पळायला?"

"तापात काहीही बरळायचा रे. जन्मभर डावा पाय ओढत चालला. तो कसला पळतोय!" असं म्हणून तिने डोळे पुसले. धाकटा भाऊ होता तिचा.

मग एका दुपारी माझी बहीण आली. तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात. ती मुलींना तिरंदाजी शिकवते. गळ्यात कायम शिट्टी. ती झोपतानाही काढत नसावी असं मी चिडवतो. डावखुरेपणा आणि जीभ, दोन्ही तिने आईकडून उचललंय. गेल्या वर्षी स्कूटरवरून पडली आणि नेमका डावा खांदा गेला. डॉक्टरांनी जड धनुष्य ओढायला बंदी केली. तेव्हापासून ती मैदानावर नुसती उभी राहून सूचना देत होती.

"दादा, हे माझ्या मापाचं करून दे."

"वेडी झालीस का? हे असंच राहणार."

"भिंतीवर टांगून काय पूजा करणार आहेस त्याची?"

"नवीन घे. हलकं."

"जुन्या लाकडाची उसळी नव्याला येत नाही, हे कोण सांगतं सगळ्यांना?"

माझेच दात माझ्या घशात. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "शिकवणारीलाच ओढता येत नाही म्हटल्यावर पोरी कशाला ऐकतील? मला काढून टाकतील दादा. आणि दुसरं काही येत नाही रे मला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं की माझी सगळी तत्त्वं पातळ होतात. लहानपणापासूनचं आहे हे.

तरी मी तिला बजावलं. धनुष्याचा जोर कमी करायचा तर त्याच्या दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा दांडा, खरवडून पातळ कराव्या लागतात. जोर कमी करता येतो, वाढवता येत नाही. खरवडलेलं लाकूड पुन्हा चिकटत नाही. एकदा केलं की केलं. ती म्हणाली, "कर."

मी तिचा हात मापला, ती दोरी किती मागे ओढते ते मापलं. मामांच्या मुठीचं चामडं सोलून काढलं. मूठ डावखुऱ्यांसारखी फिरवून कोरली, बाण टेकायची जागा दुसऱ्या बाजूला घेतली, भुजा खरवडल्या. काम झकास झालं, खोटं कशाला बोलू? धाकटीने अंगणात गवताच्या पेंढीवर बाण सोडला आणि लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. नवं चामडं आणि वॉर्निश सुकायला हवं म्हणून मी दोरी उतरवली आणि धनुष्य भिंतीवर टांगलं. "आठवड्याने घेऊन जा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरताना, मी कारखान्यात झाडत होतो. पाठीमागे आवाज झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाण न लावता दोरी ओढून सोडली तर कडाक्कन आवाज येतो आणि धनुष्य मोडू शकतं. या धंद्यातला पहिला धडा तो. बाण लावून सोडलं तर आवाज वेगळा. दबका, गोल, छातीत जाणवणारा. सगळा जोर बाण घेऊन जातो ना.

मला ऐकू आला तो दुसरा आवाज.

मी वळलो. धनुष्य खुंटीवर होतं. त्याला दोरीच नव्हती. दोरी टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर गुंडाळून ठेवलेली. सुकताना लाकूड वाजतं, असं म्हणून मी झाडू उचलला. पण त्या भिंतीकडे पाठ करून मला उरलेलं झाडता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तसाच आवाज, त्याच वेळी. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय पाडलंस?" म्हणजे माझ्या कानांचा दोष नव्हता. मी धनुष्य कपाटात ठेवून कुलूप लावलं. चौथ्या दिवशी आवाज कपाटातून आला.

कुलूप काढून मी ते बाहेर घेतलं आणि खिडकीशी नेलं. मुठीवरचं चामडं मी स्वतः ताणून बसवलं होतं, त्याला कुणाचा हातही लागला नव्हता. ते झिजलं होतं. अंगठ्याच्या जागी खड्डा, तळव्याच्या जागी काळपट चकाकी. वर्षानुवर्षं धरल्यासारखी. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. बसला नाही. तो खड्डा लहान हाताचा होता.

मी धनुष्य पुन्हा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पाचव्या दिवशी धाकटी सकाळी सकाळी आली. चेहरा उतरलेला. तिने डावा हात टेबलावर उताणा ठेवला. मधल्या तीन बोटांच्या पेरांवर कातडं सोललेलं होतं, आणि सोललेल्याच्या कडेने घट्टे.

"मी त्या दिवसानंतर धनुष्याला हात लावलेला नाही, दादा. कुठल्याच."

मी ती बोटं बघत राहिलो, कारण तशी बोटं मी आधी पाहिली होती. मामा अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांची नखं मी कापायचो. इतकी वर्षं धनुष्य न ओढलेल्या माणसाच्या उजव्या हाताच्या त्याच तीन बोटांवर असेच घट्टे होते. कधी कधी ओले. चादर घासत असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. चादर!

"खांदा?" मी विचारलं.

"खांदा एकदम बरा आहे. हेच तर." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "दिवेलागणीला मी बसल्या जागी हरवते. मोठी झाडं असतात. ओल्या पानांचा वास येतो. समोर काहीतरी पळत असतं आणि मी दोरी ओढते. नेम चुकत नाही माझा. एकदाही नाही. ते पडतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळत असतं."

"हरीण असेल. डोक्यात तेच असतं तुझ्या."

"जनावर नाहीये ते, दादा." तिने शिट्टी मुठीत घट्ट धरली. "माणूस आहे. पाठमोरा. डावा पाय ओढतो."

 मला पळायला लावू नका. तापातलं बरळणं! अरे देवा, मामा शुद्धीवर होते. पूर्ण शुद्धीवर होते.

धाकटीला मी मामांचं वाक्य सांगितलं नाही. मामांची चाल तिलाही आठवत असणार, पण तिने नाव घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही.

"जाळून टाक ते," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. ज्या वस्तूने तिला असं धरलं होतं ती जाळली तर तिचं काय होईल, मला माहीत नव्हतं. आणि जे माहीत नाही ते मी आगीत घालत नाही. पूर्वीसारखं करणं शक्य नव्हतं. खरवडलेलं लाकूड पुन्हा चिकटत नाही, हे मीच तिला ऐकवलं होतं. मग उरलं काय? आणखी खरवडायचं. इतकं, की ते कुणाच्याच मापाचं उरणार नाही. मामांचं नाही, धाकटीचं नाही, कुठल्याही धडधाकट माणसाचं नाही.

तिला घरी पाठवलं आणि दुपारभर लाकूड खरवडत बसलो. भुजा कागदासारख्या झाल्या. चामडं सोलून फेकलं. आई दाराशी येऊन उभी राहिली.

"काय करतोयस रे त्याचं?"

"खेळणं करतोय."

तिने डाव्या हाताने मूठ धरून बघितली, मग उजव्या हातात घेतली. "किती हलकं झालंय. माझ्याच्यानेही ओढवेल," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. चार दिवसांनी हसलो होतो.

उन्हं उतरली. मी धनुष्यासमोर स्टूल टाकून बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. आवाज आला नाही.

धाकटीला फोन केला. तिचा आवाज मोकळा होता. "काहीच झालं नाही दादा! आज मी नुसती चहा पीत बसले होते. हात हलका हलका वाटतोय." मग ती रडली, आणि रडता रडता मला शिव्या घातल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो.

शिकार दोन वेळा होते. मावळताना आणि उजाडताना. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

सकाळी उठलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. नेहमीप्रमाणे फणी घेऊन आईच्या खोलीत गेलो. ती आरशासमोर बसली होती.

तिचे केस विंचरलेले होते.

घट्ट अंबाडा, मधोमध सरळ भांग.

"बघितलंस?" ती म्हणाली. चेहरा नुसता उजळला होता. "पहाटेपासून हात वर जातोय. अगदी सहज." आणि तिने डावा हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. मधली तीन बोटं सोललेली होती.

मी फणी खाली ठेवली.

"स्वप्न काय छान पडलं रे. मोठी मोठी झाडं होती. तुझा मामा होता. पाठमोरा होता, पण चाल ओळखली मी. मजेत बसला होता एका झाडाखाली, पाय पसरून. पळत नव्हता काही."

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"पळत होती ती दुसरीच कुणीतरी. पोरगी. तोंड काही दिसलं नाही." आईने आरशात बघून एक चुकार बट मागे सारली. "गळ्यात काहीतरी होतं तिच्या. शिट्टी असावी. धाप लागली की वाजायची."

मी फोन उचलला. धाकटीचा नंबर लावला. तो वाजत राहिला.

"बंद कर रे ते," आई म्हणाली, "आणि माझा नेम कसा लागला ते ऐक."