न बसलेला डबा

“भोकं माझ्या मुलीनं पाडलीत,” कारखान्याचा फोरमन समोरच्या बाईंना म्हणाला. “तिची चूक निघाली तर तिला मीच कामावरून काढीन. पण आधी ती चूक मला दाखवा.”

खाजगी तपास करणाऱ्या या बाईंना ओळखीचे लोक टाचणीबाई म्हणत, कारण टोचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शेजारी त्यांचे धाकटे दीर, भावोजी, डोकं खाजवत उभे होते. तपासात त्यांचं मुख्य काम तेच असे.

विमानतळावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एकही विमान न थांबवता इमारत वाढवायची, म्हणून काचा, दिवे, वायरिंगसकट अख्खी दालनं दूरच्या कारखान्यात बनत आणि ट्रेलरवरून इथं येत. कामगार त्यांना डबे म्हणत. आजचा डबा म्हणजे दोन्ही बाजूंनी काच असलेला लांब बोळ. क्रेननं तो जुन्या इमारतीला टेकवला, तर बोल्टची भोकं बोटभर सरकलेली.

“दुपारनंतर गॅस कटरनं भोकं मोठी करणार,” साइटचे इंजिनिअर म्हणाले. “पुढच्या डब्यांचं काम दुसऱ्या कारखान्याकडे.”

“डब्याची दोन्ही टोकं सारखीच असतात?” बाईंनी विचारलं.

“दिसायला. एक जुन्या इमारतीला बसतं, दुसरं पुढच्या डब्याला. वरच्या प्लास्टिकवर बाण असतो, जुन्या इमारतीकडे.”

“आणि आतून?”

“आतून वेगळी खूण कशाला लागते?” इंजिनिअर म्हणाले.

“आम्ही ठसे उमटवतो,” फोरमन जरा लाजून म्हणाला. “छत बंद करण्याआधी सगळ्या टोळीचे हात, रंगात बुडवून. जुन्या इमारतीकडच्या टोकाला, ट्रेलरवर जे तोंडाकडे ठेवतो. माणसं तिथूनच आत येणार ना.”

बाई क्रेनवाल्याकडे गेल्या.

“बाण बघूनच उचलला,” तो म्हणाला. “ताडपत्रीवर खडूनं काढलेला होता. जुन्या इमारतीकडेच होता, मग फिरवायचा कशाला?”

“प्लास्टिकवर नाही, ताडपत्रीवर?”

“वाऱ्यानं प्लास्टिक फाटून गेलं वाटेत,” ट्रेलरचा ड्रायव्हर मध्येच म्हणाला. “मी माझी ताडपत्री टाकली.”

त्याचा ट्रेलर चिखलानं माखलेला होता. ताडपत्री मात्र धुऊन वाळत घातलेली.

“इतका चिखल? पुढचा रस्ता तर डांबरी आहे.”

“पुढचं गेट बंद होतं. मागून आलो.”

“वहिनी, हा घाबरलाय,” भावोजी कुजबुजले. “यानंच भोकं बिघडवली.”

“भोकांना कुणी हात लावलेला नाही, भावोजी. शिडी आणा.”

जुन्या इमारतीकडच्या टोकाला छताचा पत्रा काढला. आत काही नव्हतं. दुसऱ्या टोकाचा काढला, तर निळ्या पंजांची दाटी.

“डबा उलटा बसलाय,” बाई म्हणाल्या. “कारखान्यात बाण ट्रेलरच्या तोंडाकडे ठेवून डबा चढवतात. पुढच्या गेटानं आलं की ट्रेलरचं तोंड जुन्या इमारतीकडे, म्हणून बाणही तिकडेच. आज मागच्या गेटानं आल्यामुळे तोंड फिरलं. क्रेनवाल्यानं बाण मागितला. बाण नेहमी जुन्या इमारतीकडे असतो एवढंच ड्रायव्हरला माहीत, म्हणून त्यानं तसा काढला. भोकं जुळेनात तेव्हा चूक उमगली आणि ताडपत्री धुतली. एवढ्या चिखलात तेवढीच का धुतली, हेच मला टोचत होतं.”

ड्रायव्हरनं मान खाली घातली. “नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, बाई.”

“त्याला काढू नका,” फोरमन इंजिनिअरांना म्हणाला. “पण डबा फिरवा.”

क्रेननं डबा उचलला, हवेत सावकाश फिरवला, टेकवला. फोरमननं पहिला बोल्ट भोकात धरला आणि नुसत्या अंगठ्यानं दाबला. तो सरळ आत गेला. दुसराही, तिसराही. हातोड्याला कुणी हात लावला नाही. फोरमनचा ऊर अभिमानानं भरून आला आणि डोळेही. त्यानं ते पुसले नाहीत.

“चुकलो मी,” इंजिनिअर म्हणाले. “काम तुमच्याकडेच राहील. आणि पुढच्या डब्याच्या जोडणीला मुलीला इथं पाठवा.”

“पाठवायला ती काय सामान आहे?” फोरमन ताठ मानेनं म्हणाला. “नंबर देतो. तुम्हीच विचारा तिला.”