वळच्या उद्यानाचे शास्त्रीय कारण

प्रारूप विकास आराखड्याच्या अहवालात एक वाक्य आहे : ‘प्रस्तुत आराखड्यातील प्रत्येक आरक्षण केवळ शास्त्रीय निकषांच्या आधारे, कोणत्याही व्यक्तिगत हितसंबंधाविना निश्चित करण्यात आले आहे.’ वाक्य भारदस्त आहे, आणि ज्या उन्नतीने ते लिहिले तिच्याकडे नगररचनेची पदव्युत्तर पदवी आहे, तीही सुवर्णपदकासह. आता जरा जवळून पाहू. ‘प्रत्येक’ हे खोटे आहे. ‘केवळ’ हे त्याहून खोटे. राहिले ‘व्यक्तिगत’. तिथे थोडे थांबावे लागेल, कारण त्या व्यक्तीचे नाव प्रितेश असून तो वळ गावात राहतो.

खोट्याची सुरुवात एका अगदी खऱ्या कामापासून झाली. आराखड्याचे कंत्राट मिळालेल्या खासगी संस्थेने भूवापराची पाहणी करायला उन्नतीला वळला धाडले. चैत्राचे ऊन होते. गोदामांच्या पत्र्यांवरून झळा उठत होत्या. दोन गोदामांच्या मधोमध एक मोकळा तुकडा दिसला आणि तिने हातातल्या टॅबवर ‘रिक्त’ अशी नोंद केली.

“ओ मॅडम, माझ्या जागेवर काय लिहिता?”

ताडाच्या सावलीत एक तरुण उभा होता. एका हातात कोयता, दुसऱ्यात ताडगोळ्यांचा घड.

“भूवापर नोंदवतेय. जागा रिकामी आहे ना?”

“रिकामी कशी? मी उभा हाय ना.”

“माणसं त्यात धरत नाहीत.”

“मंग काय धरता?”

“रंग. पिवळा म्हणजे राहण्याची जागा, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे शेती, बागा...”

“आनि मी कुठल्या रंगात?”

तिने मान वर केली. करायला नको होती. त्याचे डोळे हसत होते आणि तोंड मात्र सरकारी कचेरीतल्यासारखे गंभीर होते.

“माणसांना रंग नसतो,” ती म्हणाली.

“आमच्याकडं असतो. पोरीचा बाप येतो, पयला ईचारतो, जागा पिवल्यात की हिरव्यात? हिरव्यात म्हनलं की चहा अर्धा टाकून उठतो.”

उन्नतीला हसू आले. त्याने सोललेला ताडगोळा पुढे केला. तिने तो न घेता घडातला एक उचलला आणि अंगठ्याने स्वतःच सोलला. पाणी मनगटावरून ओघळून टॅबवर पडले.

“मला शिकवू नका. मी इथल्याच खारबावची आहे.”

“अरं! मंग एवढं शुद्ध कसं बोलता?”

“पदवी घेतली.”

“उतरंल,” तो धीर दिल्यासारखा म्हणाला, “हलूहलू उतरंल.”

पाहणी चार गावांची होती. प्रितेशचे एक गाव आणि एक टेम्पो. तरीही प्रत्येक गावात त्याला काही ना काही माल पोचवायचा असे. ‘अहो’चे ‘अगं’ कधी झाले ते दोघांपैकी कोणीच नोंदवले नाही. चहाच्या टपरीवर तो तिची उलटतपासणी घेई.

“सात वर्षं शिकलीस. म्हंजे नक्की काय?”

“गाव वाढण्याआधी ठरवायचं. रस्ता कुठून जाईल, शाळा कुठं, पोरांनी खेळायचं कुठं. बाग अशी हवी की पोरांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये.”

“वाढण्याआधी?” त्याने सभोवार हात फिरवला, नजर पोचेल तिथवर गोदामेच गोदामे होती. “म्हंजे लग्न लागलं, जेवनं झाली, आनि आता भटजी पत्रिका जुलवायला आला.”

“कशेळीच्या पुलाशी अडकतोस तेव्हा शिव्या कोणाला देतोस?”

“पुढच्या ट्रेलरवाल्याला.”

“चूक. ज्यानं वेळेवर दुसरा रस्ता आखला नाही त्याला द्यायच्या.”

“नाव सांग त्याचं. देतो.”

असे ते दिवस. कौतुक करणारे तिला पुष्कळ भेटले होते. तिच्या विद्येशी भांडणारा हा पहिलाच. त्याला ती समजावत असे तेव्हा तिचे स्वतःचे ज्ञान तिला नव्याने कळे. रात्री... पण रात्रीचे राहू द्या. दिवसाढवळ्याही नकाशावर वळ गावापाशी तिचा हात विनाकारण रेंगाळू लागला, एवढे पुरे.

त्याने मात्र काही म्हटले नाही. तिनेही नाही. दोघे एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत राहिले — आणि आपल्याकडे अशी वाट पाहणाऱ्यांच्या वतीने बोलायला नातेवाईक तत्पर असतात.

मार्गशीर्षात खारबावला चुलतभावाचे लग्न निघाले. मांडवात धवलारीण बाई लग्नाची गाणी, धवले, गात होत्या, आणि उन्नतीभोवती बायकांचा वेगळाच मांडव उभा राहिला होता. “बाय, आमचा सात-बारा पिवल्यात घे ना गं.” “एवढी शिकलीस, आपल्या मानसांना उपयोग नको?” तिच्या पदवीचे मूल्य पंचक्रोशीने केव्हाच ठरवले होते : भाचीच्या हातातला रंगाचा डबा.

तेवढ्यात दिशा, तिची चुलतबहीण, कानाशी लागली.

“तुझ्या त्या वळवाल्याचं जमतंय म्हने.”

“माझ्या कोणाचं?”

“बरं, नसंल तुझ्या. प्रितेशचं. त्याच्याच गावच्या दौलतकाकांच्या हेमालीशी. त्यांची जागा रस्त्याला, याची मागं, लागूनच. लग्न झालं का दोन्ही एक करायच्या नि मोठं गोदाम उभं करायचं.”

“हे लग्न आहे की भूखंडांचं एकत्रीकरण?”

“आता ते तुलाच म्हाईत. शिकलीस तू.”

तिने दिशाला हसून दाखवले. धवल्यात नवरदेवाचे वर्णन चालले होते. ते तिला आयुष्यात प्रथमच अतिशय कंटाळवाणे वाटले.

ऐकीव बातमी माणूस नाकारू शकतो. डोळ्यांसमोरच्या गोष्टीला तशी सोय नसते. चारच दिवसांनी ती रिक्षाने ठाण्याकडे निघाली आणि कशेळीच्या पुलाअलीकडे वाहतूक थांबली. पुढे प्रितेशचा टेम्पो. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. शेजारी हेमाली; पाहणीच्या वेळी खोक्यांच्या शेडमध्ये तिला उन्नतीने पाहिले होते. ती काही सांगत होती, तो मान मागे टाकून हसत होता — तेच हसू, जे आपल्यासाठी घडवले गेले असा उन्नतीचा समज होता. मग त्याने हात लांब करून हेमालीच्या केसांत अडकलेला पुठ्ठ्याचा कपटा काढला आणि फुंकर मारून उडवला.

वाहतूक हलेना. रस्ता नीट आखलेला असता तर हे दृश्य क्षणात नजरेआड झाले असते. इथे ते मनसोक्त पाहावे लागले. हेमालीची वेणी, तिची बांगडी, तिने खिडकीबाहेर टेकवलेले कोपर. आपल्या विषयातल्या ढिलाईचे दुष्परिणाम उन्नतीने परीक्षेत पानेच्या पाने लिहिले होते. हा एक सुटला होता.

“मॅडम, उतरके चलोगे क्या? आगे सब जाम है,” रिक्षावाला म्हणाला.

“नहीं,” ती म्हणाली, “मैं बैठती हूँ.”

त्याच दुपारी वळच्या उद्यानाची जागा ठरायची होती. पर्याय दोन : तळ्याकाठची पडीक सरकारी जमीन, किंवा मोठ्या रस्त्यालगतचा दौलतकाकांचा तुकडा. उद्यानाचे आरक्षण पडले की तिथे गोदाम नाही. गोदाम नाही म्हणजे एकत्रीकरण नाही. आणि एकत्रीकरण नसेल तर... तिने वाक्य मनातही पुरे केले नाही. तिने निकष मांडले, गुणभार दिले आणि उत्तर हवे तिथे येईपर्यंत गुणभार बदलले. सामान्य स्त्रीला मत्सर झाला तर ती फार तर बोलणे टाकते. सुशिक्षित स्त्री त्याला परिशिष्ट जोडते. दौलतकाकांचा तुकडा हिरवा झाला, आणि मग तिने अहवालात ते वाक्य लिहिले.

प्रितेशचे फोन तिने घेतले नाहीत. ‘काय झालं?’ या त्याच्या निरोपाला उत्तर दिले : ‘काम आहे.’

आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांनी तीस दिवसांत हरकती घ्यायच्या आणि समितीने त्या ऐकायच्या, असा रिवाज आहे. फाल्गुनात सुनावणी झाली. अध्यक्षस्थानी रामनाथसाहेब, निवृत्त नगररचनाकार. उजवीकडे उन्नती, उत्तरे द्यायला. वळची पाळी आली तेव्हा दौलतकाकांच्या आधी त्यांची लेकच उभी राहिली.

“मी हेमाली. मी पुठ्ठ्याची खोकी बनवते, बारा बाया हायेत माझ्याकडं. शेड पत्र्याची, पावसात पुठ्ठा भिजतो. पक्की बांधायला गेले तर सांगतात, तिथं बाग हाय. मॅडम, मी रोज तिथंच बसते. मला तर बाग कधी दिसली न्हाय.”

सभागृह हसले. उन्नती हसली नाही. खोक्यांच्या त्या शेडची नोंद तिने स्वतःच्या हाताने केली होती.

“तलावाकडची सरकारी जागा सोडून आमचीच का?”

“चालत पोचण्याचे अंतर, दर्शनी रुंदी आणि भूखंडाच्या आकाराची नियमितता,” उन्नती म्हणाली, “या तिन्ही निकषांवर प्रस्तावित जागा सरस ठरते.”

मागच्या रांगेतून प्रितेश उठला. इतक्या महिन्यांनी. दाढी वाढली होती. ती त्याला शोभत होती, याचाही तिला राग आला.

“तुम्हीच सांगितलं होतं, मॅडम, पोरांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. या बागेत जायला पोरं ट्रेलरखालून जानार का?”

‘मॅडम’ हा शब्द सुईसारखा टोचला. त्याच्या म्हणण्यातला खरेपणा तिला पोचलाच नाही. पोचले एवढेच, की तो हेमालीसाठी उभा राहिला.

“आपला या जागेशी संबंध?”

“शेजारी.”

“एवढाच?”

सभागृहात खसखस पिकली. तो हसला नाही.

“तुला जे ईचारायचंय,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “ते तू मला ईचारलंच न्हाईस.”

रामनाथसाहेबांनी पेन आपटले. “वैयक्तिक नको. हरकत अमान्य. बाई, तुम्ही बसा. यातलं शास्त्र तुम्हाला कळायचं नाही. आणि मंडळी, या मुलीचं उत्तर ऐकलंत? याला म्हणतात पदवी! एकेक शब्द मोजून. शिक्षणाचं मूल्य ते हे.”

हेमाली बसली. फक्त पदर सारखा केला आणि उन्नतीकडे असे पाहिले, जसे गावचे लोक कचेरीकडे पाहतात : इथे आपले काही चालणार नाही हे आधीच ठाऊक असल्यासारखे. खारबावच्या घरात उन्नतीने हीच नजर आपल्या आईच्या डोळ्यांत पाहिली होती. ती बदलावी म्हणून तर ती शिकायला गेली होती.

गप्प बसली असती तर सारे तिचे होते : नोकरी, नाव, साहेबांचे कौतुक, आणि दोन जागांमध्ये कायमची उभी राहिलेली हिरवी भिंत. बोलली तर पदवीची अब्रू जाणार, आणि प्रितेश-हेमालीच्या लग्नातली एकमेव अडचण तिच्याच हाताने दूर होणार. ती उठली, आणि बोलली.

तिचे बोलणे सांगण्याआधी परिणाम सांगून टाकतो, कारण तेही शास्त्रीयच आहेत. उद्यान तळ्याकाठी गेले. उन्नतीला संस्थेने ‘कौटुंबिक कारणास्तव’ मोकळे केले. अंतिम अहवालात ते भारदस्त वाक्य जसेच्या तसे छापले गेले; त्यात बदल करण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

हेमालीची शेड पक्की झाली. लग्नाचा विषय तिने दोन्ही घरांसमोर एका दमात संपवला : “त्याला रस्ता पायजे ना? देते जायला वाट, कागद करून. त्याच्यासाठी नवरा कशाला करू? कालपत्तुर माझी खोकी वाहायचा तो.” उन्नतीशी मात्र ती वर्षभर बोलली नाही, आणि ते योग्यच होते.

सुनावणीच्या जिन्यावर प्रितेशने उन्नतीला गाठले.

“एवढ्या लोकांत सांगितलंस. मला एकट्याला सांगितलं असतं तर?”

“तू हरकत घ्यायला मुदत कुठे दिलीस?”

“आता देतो,” तो म्हणाला. “तुझ्या-माझ्या लग्नावर. तीस दिवस.”

तिने हरकत घेतली नाही.

राहता राहिले तिचे निवेदन. सुनावणीचे ध्वनिमुद्रण होत असते, त्यामुळे त्यात सौंदर्य वाढवण्याची कोणालाही मुभा नाही. शब्द असे :

“साहेब, कौतुक थांबवा. दोन निकष दोन्ही जागांना सारखेच लागू होतात आणि तिसरा मी वाकवला. त्याला शास्त्र म्हणू नका... माझ्या शास्त्राची काही चूक नाही यात. हेमाली, तुझीही नव्हती. तुला मी याच्या गाडीत बघितलं आणि जळले, बास, दुसरं काही कारण नाही. तुझ्या बारा बायकांचं छप्पर मी त्यापायी काढून घेत होते. ते आरक्षण रद्द करा, आणि या दोघांचं लग्न व्हायचं तर होऊ द्या. संबंध काय म्हणून मी याला विचारलं ना? त्याचा मला म्हाईत न्हाय, साहेब. माझा हाय.”